मुलांच्या हातात मोबाईल आहे, शेजारी बसणारे कोण आहे?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पेढे वाटले जातात. विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, वह्या आणि बाबासाहेबांची प्रतिमा भेट मिळते. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या घरात एकच प्रश्न असतो: पुढे काय? आई-वडील दोघेही कामावर जाणारे, घरात कॉलेजची पायरी चढलेले कोणी नाही. मग उत्तर शोधायची जबाबदारी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या हातातल्या मोबाईलवर येते.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. पूर्वी ही पद्धत मोजक्या महानगरांपुरती होती. आता गडचिरोलीतल्या मुलीलाही शाखा आणि महाविद्यालयांची पसंती संकेतस्थळावरच भरावी लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, जात पडताळणीचा अर्ज बार्टीच्या संकेतस्थळावर, प्रवेश परीक्षांचे अर्ज एनटीए किंवा राज्याच्या सीईटी कक्षाकडे. रस्ता सगळा ऑनलाइन झाला, पण कोणत्या वळणावर वळायचे हे सांगणारे माणूस शासनाने दिले नाही.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली, पुढे ती खंडित झाली. २०२० मध्ये शालेय शिक्षण विभागाने युनिसेफच्या सहकार्याने नववी ते बारावीसाठी महाकरिअर पोर्टल आणले. त्यात शिरायला विद्यार्थ्याचा सरल क्रमांक लागत होता. आपल्या वस्तीतल्या दहा मुलांना त्यांचा सरल क्रमांक विचारून पाहा, म्हणजे पोर्टल आणि विद्यार्थी यांच्यातले अंतर कळेल. केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलही २०१५ पासून आहे. त्याचे नाव किती शाळांमध्ये घेतले जाते?

शोधले की काय सापडते?

मुलगा मोबाईलवर विचारतो, "दहावीनंतर काय करावे?" समोर येतात खासगी क्लासच्या जाहिराती, लाखोंच्या पगाराचे व्हिडिओ आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी' देणाऱ्या संस्था. हल्ली मुले एआयलाही विचारतात. ते ठामपणे उत्तर देते, पण त्यातली तारीख किंवा उत्पन्नाची अट जुनी असू शकते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते पालक फी भरून समुपदेशक गाठतात. आपल्या मुलाची चूक झाली तर भरलेली अनामत परत येत नाही आणि गेलेले वर्षही.

इथे कालाम सुत्ताची आठवण व्हायला हवी. भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा, असे सांगितले. ऑनलाइन शोधालाही तीच कसोटी लावावी. ही माहिती कोण देतो आहे आणि त्याचा यात काय फायदा आहे? बहुतेक शासकीय संकेतस्थळांच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असते. विद्यापीठ खरे आहे की बोगस, हे यूजीसीच्या यादीत पाहता येते. पैसे भरण्याआधी ही पाच मिनिटे खर्च करायलाच हवीत.

पाच प्रश्नांची वही

विद्यार्थ्याने एक साधी वही करावी आणि आवडणाऱ्या प्रत्येक क्षेत्रासाठी पाच उत्तरे लिहावीत. या कामात माणूस दिवसभर नेमके काय करतो? त्यासाठी अकरावीला कोणते विषय लागतात? प्रवेश परीक्षा कोणती आणि ती कोण घेते? एकूण खर्च किती, त्यातला किती माफ होतो? कागदपत्रे कोणती आणि ती मिळायला किती दिवस लागतात?

उदाहरणादाखल वकिली घ्या. बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेतून जाता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही परीक्षा असते. अशी तीन विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. राज्यातल्या इतर विधी महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. म्हणजे कला शाखा घेतलेल्या मुलीला 'आता तुझे काही होणार नाही' म्हणणारे अर्धवट माहितीवर बोलत असतात. याउलट ज्याला जेईई देऊन आयआयटीत जायचे आहे, त्याला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घ्यावेच लागते. आयआयटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. फीचा आकडा ऐकूनच ते स्वप्न सोडून देणाऱ्या घरांपर्यंत ही एक ओळ पोहोचली तरी निर्णय बदलू शकतो.

पाचवा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत नाजूक आहे. फॉर्मवर धर्म 'बौद्ध' लिहिला तर अनुसूचित जातीची सवलत जाईल, अशी भीती आजही काही घरांत आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या तरतुदीत घेतले गेले. धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती, हे दोन्ही लिहिता येते. जातीचे प्रमाणपत्र मात्र योग्य नमुन्यातले हवे. केंद्राच्या संस्था केंद्राच्या नमुन्यातले मागतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातवैधता लागते आणि तिच्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये असतो. हे काम बारावीच्या निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. ते अकरावीलाच सुरू करावे.

केळुसकर गुरुजींची जागा

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा बडोद्याचे महाराज होतकरू विद्यार्थ्यांना मदत करत होते. ती मदत आणि तो विद्यार्थी यांना जोडणारे माणूस होते कृष्णाजी अर्जुन केळुसकर. त्यांनी बुद्धचरित्राचे पुस्तक हाती दिले, महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये तोच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. मदत उपलब्ध असणे आणि ती योग्य मुलापर्यंत पोहोचणे यांच्यामध्ये एक माणूस लागतो. आज योजना मोबाईलवर आहेत, पण ती जागा अनेक वस्त्यांमध्ये रिकामी आहे.

ती भरायला मोठा निधी लागत नाही. रविवारची वंदना झाल्यावर विहारात दोन तास, एक लॅपटॉप, मोबाईलचे हॉटस्पॉट आणि महाविद्यालयात शिकणारे तीन-चार तरुण-तरुणी पुरेसे आहेत. भिंतीवर पुढच्या तीन महिन्यांच्या अर्जांच्या तारखा लावाव्यात. महिन्यातून एकदा समाजातली नर्स, अभियंता, वकील, इलेक्ट्रिशियन किंवा बँक कर्मचारी यांना बोलवावे. त्यांनी यशाचे भाषण न देता आपला कामाचा दिवस आणि चुकलेले निर्णय सांगावेत. पालकांनाही सोबत बसवावे, विशेषतः मुलींच्या. मात्र फॉर्म आपण भरून देऊ नये. शोध मुलानेच घ्यावा, आपण शेजारी बसावे. आधारचे फोटो गटात टाकायचे नाहीत आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

यामुळे शासनाची जबाबदारी संपत नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेला प्रशिक्षित समुपदेशक, समाजकल्याणच्या वसतिगृहांत चालू इंटरनेट आणि शिष्यवृत्ती वेळेवर, या मागण्या निवेदनांत आणि मोर्चांत राहिल्याच पाहिजेत. पण मागणी मान्य होईपर्यंत या वर्षीची दहावीची तुकडी थांबणार नाही.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण फलकांवर लिहितो. काय शिकायचे, कुठे आणि कशाच्या आधारावर, हे ठरवायला सोबत करणे हे त्या आदेशाचेच पुढचे काम आहे. यंदा सत्कार झाल्यावर खुर्च्या लगेच उचलू नका. त्याच मुलांना थांबवा आणि वहीचे पहिले पान उघडायला सांगा.