वास्तूचा वारस कोण?

वांद्र्याच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून उभा असलेला किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला. जवळच गोड्या पाण्याचा झरा होता. येणारी-जाणारी जहाजे तिथे पाणी भरून घेत, म्हणून त्याला ‘आग्वाद’ हे नाव पडले. १७३९ च्या सुमारास मराठ्यांनी साष्टी जिंकली, तेव्हा किल्लाही त्यांच्या हाती पडेल या धास्तीने इंग्रजांनी तो बराचसा पाडला. पुढे १८३० मध्ये ही जागा पारशी दानशूर बैरामजी जीजीभाई यांच्याकडे गेली. इतक्या हातांतून गेलेल्या वास्तूचा वारस कोण?

२००३ मध्ये बँडस्टँडच्या रहिवाशांच्या ट्रस्टने कृतीतून उत्तर दिले. खर्चाचा काही भाग शबाना आझमी यांच्या खासदार निधीतून मिळाला. काम वास्तुविशारद पी. के. दास यांच्या देखरेखीखाली झाले. कोसळायला आलेली दरवाजाची कमान सावरली, लाटांनी धोक्यात आलेला तटाचा पाया दुरुस्त झाला. खडक जसेच्या तसे ठेवून पायवाटा आणि खुला रंगमंच झाला. बांधणारे कोणत्या धर्माचे होते, यावर कमान टिकत नाही. तडा कुणाला आधी दिसला आणि कोण धावले, यावर ती टिकते.

अंधेरीत मात्र वेगळे चित्र आहे. १५७९ मध्ये बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १८४० च्या साथीत ओस पडले आणि तिथले भाविक मरोळला गेले. आज त्याचे भग्नावशेष सीप्झच्या कुंपणाआड आहेत. आत जायला परवानगी लागते. ज्या वास्तूसमोरून रोज कुणी जात नाही, तिचा ढासळणारा दगड कुणाला दिसणार?

रमजानमध्ये ‘अमानत’ हा शब्द पुष्कळदा कानी पडतो. अमानत म्हणजे सांभाळायला सोपवलेली दुसऱ्याची वस्तू. ती विकता येत नाही, तशीच कुलूप लावून विसरताही येत नाही. सांभाळणाऱ्यांनीही एक पथ्य पाळायला हवे. वास्तू जपणे म्हणजे ती आपल्या सोसायटीची बाग करणे नव्हे. झोपडपट्टीतल्या मुलालाही त्या तटावर बसून सूर्यास्त पाहता आला पाहिजे.

सरकारने सीप्झमधल्या चर्चसाठी एवढे तरी करावे: ठरलेल्या दिवशी फाटक उघडावे आणि देखभालीत मरोळ-अंधेरीच्या रहिवाशांना सामील करून घ्यावे. शेजारी येऊ लागले, की पडणाऱ्या दगडाची खबर आपोआप पोहोचेल.