कुणब्याच्या शेतात रिकार्डोचे सूत्र

१/ ‘गणित चुकत नाही, ते वापरणारी माणसे चुकतात.’ अर्थशास्त्रातील गणिती प्रारूपांविषयी काही लिहिले की हे उत्तर ठरलेले असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या भानगडीत पडू नये, असा सल्लाही सोबत मिळतो. म्हणून आजचा थ्रेड पुणे जिल्ह्याचा, त्यातही इंदापूरचा. काळ १८३० च्या आसपासचा.

२/ १८१७ साली डेव्हिड रिकार्डोने खंडाचा सिद्धान्त मांडला. समान भांडवल व समान श्रम लावून तीन जमिनी अनुक्रमे १००, ९० आणि ८० क्वार्टर धान्य देतात. ८० वाली जमीन केवळ खर्च व नफा भरून काढते, म्हणून तिचा खंड शून्य. दुसरीचा १०, पहिलीचा २०. मांडणी अत्यंत देखणी आहे, हे प्रथमच मान्य करतो.

३/ यातून निष्कर्ष निघाला की खंड हे कोणाच्याही कष्टाचे फळ नव्हे. सरकारने तो कररूपाने घेतला तरी मजुरी, नफा वा किमती यांना धक्का लागत नाही. हा विचार हिरीरीने मांडणारा जेम्स मिल १८१९ पासून लंडनला कंपनीच्याच कचेरीत होता. इकडे पेशवाई नुकतीच बुडाली होती आणि दख्खनचा सारा ठरवायचा होता.

४/ ते काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. तो हेलिबरीत माल्थसच्या हाताखाली शिकलेला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. एकूण उत्पन्नाचा सरसकट हिस्सा घेतला तर हलक्या जमिनीचा शेतकरी अधिक भरडला जातो, कारण तिथे उत्पन्नाच्या मानाने खर्च मोठा असतो. हे त्याला दिसत होते. म्हणून त्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढले, त्यातून लागवडीचा खर्च वजा केला आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला.

५/ आता ‘लागवडीचा खर्च’ या दोन शब्दांपाशी थांबा. रिकार्डोच्या शेतात भांडवलदार शेतकरी असतो, रोजंदारीचा मजूर असतो, आणि नफा कमी झाला तर भांडवल दुसरीकडे जाते. इंदापूरच्या कुणब्याच्या घरात मालक, मजूर आणि भांडवलदार एकच. बायकोच्या खुरपणीचा दर काय? घरच्या बैलाचा? काळ्या रानातली ज्वारी एका साली कणगी भरते, पुढच्या साली कडबाही देत नाही. मग ‘सरासरी’ म्हणजे नेमके कोणते वर्ष? यांपैकी कोणताही आकडा त्या गावात अस्तित्वात नव्हता. सूत्राला तो हवा होता, म्हणून तो तयार करण्यात आला.

६/ परिणाम पाहा. धान्याचे भाव पडलेले, सारा मात्र रोख. मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासन अहवालाने पुढे कबूल केले की मोजणी सदोष होती, उत्पन्नाचे अंदाज चुकीचे होते, वसुलीसाठी रयतेचा छळ झाला, कित्येक लोक शेजारच्या संस्थानांत पळून गेले. काही भागांत लागवडीयोग्य जमिनीपैकी जेमतेम एकतृतीयांश वहिवाटीखाली उरली.

७/ ‘पण कारकुनांनी लाच खाऊन आकडे फिरवले!’ हा बचाव तेव्हाही झाला. लाचखोरी होती, यात वाद नाही. पण ज्या प्रारूपाला प्रत्येक शेताविषयी डोळ्यांना न दिसणारी राशी लागते, आणि ती सांगणारा व लिहिणारा या दोघांचाही तिच्यात स्वार्थ असतो, त्या प्रारूपाचा दोष कारकुनाच्या माथी मारणे ही पळवाट आहे. बनावट आकडा इथे अपघाताने शिरला नाही. त्याच्यासाठी रिकामी जागा सूत्रानेच ठेवली होती. अतिसुलभ गृहीतकांवरून थेट धोरणावर उडी मारण्याच्या या खोडीला शुम्पीटरने पुढे रिकार्डोचेच नाव दिले, ते उगाच नव्हे.

८/ मी गणिताच्या विरोधात आहे असे समजू नका. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्याच इंदापुरात नव्याने काम केले, तेही मोजणी करूनच. ३३ फुटी साखळी, ३३ बाय ३३ चा गुंठा, मातीची खोली, आणेवारी. मात्र निव्वळ उत्पन्न काढण्याचा हट्ट त्यांनी सोडला. जमिनींची तुलनात्मक प्रत तेवढी ठरवली, आणि एकूण आकारणी त्या भागाची मागील वसुली व स्थिती पाहून केली. दर उतरले, ३० वर्षांसाठी बांधले गेले, आणि पडीक राने पुन्हा नांगराखाली आली. सिद्धान्ताच्या दृष्टीने ही पद्धत ओबडधोबड होती. प्रिंगलला ती अशास्त्रीय वाटली असती.

९/ तिचेही गोडवे नकोत. ३० वर्षे सरताच १८६७ मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली. अमेरिकन यादवीच्या काळातले चढे भाव तेव्हा अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर होते. सारा मोठ्या प्रमाणावर वाढला आणि भाव पुढे उतरले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या, तेव्हा वाढीव साऱ्याचा त्यात वाटा किती, यावर इंग्रज अधिकारीच आपसांत भांडत होते. त्या भांडणावर पुढचा थ्रेड.