तणमोराची गणती आणि महसुली दप्तर

जो पक्षी पावसाळ्याचे जेमतेम तीन महिने माणसाच्या दृष्टीस पडतो आणि उरलेले वर्ष गवताच्या व पिकांच्या आडोशाने जवळजवळ अदृश्य होऊन राहतो, त्याची शिरगणती करणे हे कार्य मुळातच दुष्कर आहे. आणि तो पक्षी तणमोरासारखा अतिसंकटग्रस्त असला म्हणजे त्या गणतीचे महत्त्व पक्षिशास्त्रापुरते मर्यादित न राहता राज्यकारभाराच्याही कक्षेत येते. माळढोकाच्या कुळातील आपल्या देशातला हा सर्वांत लहान पक्षी नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाबरोबर गुजरात, राजस्थान आणि माळवा येथील गवताळ माळांवर विणीसाठी येतो. विदर्भात अकोला-वाशीमकडच्या गायरानांतही त्याचे वास्तव्य आढळले आहे. आणि पाऊस सरला की तो पुन्हा दूरवर पांगतो.

विणीच्या या दिवसांत नराची मान व पोट काळीभोर होतात, मस्तकावर मागे वळलेले, टोकाशी पसरट झालेले तुरे येतात, आणि आपल्या ताब्यातील जागेवरून तो गवताच्या शेंड्यांहून उंच अशा उड्या दिवसातून पाचशेपर्यंतही घेतो. गणना करणारे लोक सकाळी व सायंकाळी एखाद्या उंचवट्यावर बसून या उडणाऱ्या नरांची नोंद करतात. मादी आकाराने नराहून मोठी असली, तरी वाळल्या गवताच्या वर्णाची, मूक आणि जमिनीवर एकटीच अंडी उबवणारी असल्यामुळे ती बहुधा कोणाच्याच नजरेस येत नाही; आणि म्हणून प्रत्येक नरामागे एक मादी गृहीत धरण्याची रीत पडली आहे. जिच्या पोटी पुढची पिढी यावयाची, तिच्याविषयीच आपले ज्ञान असे केवळ अनुमानावर उभे आहे.

तथापि ही गणती निरुपयोगी समजणे चूक ठरेल. १९८२ मध्ये ४,३७४ इतकी अंदाजलेली तणमोरांची संख्या अवर्षणाच्या वर्षांनंतर, १९८९ मध्ये, १,६७२ वर आली. चांगला पाऊस लाभताच १९९४ मध्ये ती २,२०६ आणि १९९९ मध्ये ३,५३० झाली. या पक्ष्याच्या अभ्यासात पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी जे परिश्रम घेतले, त्यांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली, ती ही की पाऊस आणि गवत ही दोन मिळाली म्हणजे तणमोर सावरतो. परंतु २०१७-१८ च्या पाहणीने १९९९ च्या तुलनेत सुमारे ऐंशी टक्के घट दाखवली, आणि हा दोष पावसाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. कारण ढग परत आले तरी ज्यावर त्यांनी बरसावे ते गवतच नाहीसे झालेले होते.

ते का नाहीसे झाले, याचे उत्तर पुष्कळ अंशी आपल्या महसुली दप्तरात आहे. ज्या माळावर जनावरे चरतात, धनगरांचे कळप उतरतात आणि तणमोर वीण घालतो, त्या माळाची नोंद दप्तरात ‘पडीक’ अशी होते. आणि एकदा पडीक ठरलेली जमीन कधी कारखान्यासाठी, कधी सौरप्रकल्पासाठी, तर कधी वृक्षारोपणाच्या सद्‌हेतूने दिली जाते, तेव्हा तेथे काही नष्ट झाले असे कोणत्याही कागदावरून दिसत नाही. माळव्यातील सैलाना आणि सरदारपूर येथे १९८३ मध्ये खास या पक्ष्यासाठी अभयारण्ये झाली; पण अभयारण्याची सीमा पक्ष्याला कळत नाही, आणि अजमेरच्या परिसरात तर तो आज मुख्यतः शेतकऱ्यांच्या खरिपाच्या पिकांतच वीण घालतो. म्हणजे ज्या जमिनीवर त्याचे भवितव्य अवलंबून आहे, तिचा मोठा भाग वनखात्याच्या अखत्यारीबाहेरचा आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, तणमोराची गणती ही काही वर्षांनी एकदा होणारी संशोधकांची मोहीम न राहता महसूल खात्याच्या वार्षिक कामाचा भाग व्हावी. आपल्याकडील खरिपाची पीकपाहणी आणि तिच्याचसारखी उत्तरेकडील गिरदावरी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे नेमक्या तणमोराच्या विणीच्या दिवसांत होते. विणीच्या ठाऊक असलेल्या गावांत त्याच वेळी गुराखी, शेतकरी आणि पक्षी-अभ्यासक यांच्या साक्षीने पक्ष्याची नोंद गावाच्या दप्तरात झाली, तर एका वर्षीच्या अवर्षणाने आकडा फसवणार नाही, आणि सरकारी गायरान दुसऱ्या कामी देण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांना त्या नोंदीस उत्तर देणे भाग पडेल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आपल्या खासगी शेतात पक्षी नोंदला गेला तर जमिनीवर निर्बंध येतील, अशा धास्तीने शेतकरी त्याला हुसकून लावील. हे भय खोटे नाही, आणि म्हणूनच खासगी जमिनीवरील नोंद ही बंधन न होता हक्क झाली पाहिजे: पिलांची वाढ होईतो गवताची कापणी लांबवणाऱ्यास आणि कीटकनाशक टाळणाऱ्यास त्याच हंगामात भरपाई मिळावी. सैलान्याकडे तणमोराची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना इनाम देण्याचा प्रयोग झालेला आहे. आणि अकोला-वाशीम भागात, एके काळी शिकारीवर निर्वाह करणाऱ्या फासेपारधी समाजातील लोक आज गायरानांचे रक्षण करीत आहेत. ज्यांना माळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना गणतीत मानाने व वेतनाने स्थान देणे ही मेहेरबानी नसून त्या कामाची गरज आहे.

आकडा गोळा करून तो अहवालात बंदिस्त ठेवणे म्हणजे ऱ्हासाची केवळ नोंद ठेवणे होय. तोच आकडा गावच्या दप्तरात उतरला आणि जमिनीच्या निर्णयावर त्याचा अंमल चालू लागला, तरच त्याला संरक्षण म्हणता येईल. आणि येत्या खरिपापूर्वी संबंधित राज्यांच्या महसूल व वन खात्यांनी एकत्र बसून तसा हुकूम काढावा, ही मागणी आता लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात मांडली पाहिजे.