हार कोणाच्या गळ्यात?

१० जानेवारी २०२४ रोजी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर समर्थकांची रीघ लागली होती. जामिनावर सुटलेले माजी आमदार सुनील केदार बाहेर येताच जयघोष झाला, वाहनांचा ताफा निघाला. त्याच्या तीन आठवडेही आधी नव्हे, २२ डिसेंबर २०२३ रोजी, नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे गैरव्यवहारात न्यायालयाने त्यांना पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली होती. त्यांची आमदारकीही गेली. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे शाळकरी मुलालाही कळते. मग तो जल्लोष कशाचा होता?

विरुद्ध गोटातील वाचकांनी इतक्यात हसू नये. २०१४ च्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात दोन फौजदारी प्रकरणे नमूद केली नाहीत, या तक्रारीवरून देवेंद्र फडणवीस यांच्यावर याच शहरात खटला चालला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार पुन्हा जिवंत केली आणि ८ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. दोन्ही खटले सारखे नव्हेत. निकाल तर परस्परविरुद्ध. परंतु दोन्ही वेळी माझ्या परिचयातील सुशिक्षित माणसे साक्षीपुरावा होण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळी झाली होती. आपला नेता असेल तर सूडाचे राजकारण आणि परका असेल तर केवळ आरोप हाच पुरावा! न्यायाधीशाने आपल्या मनासारखे लिहिले तर तो निःस्पृह, नाहीतर विकलेला!

समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ‘साहेब अडीअडचणीला धावून येतात,’ असे ते म्हणतात. ते खरेही असते. रुग्णालयातील खाट, पोलीस ठाण्यातील फोन, मुलीच्या लग्नातील हजेरी, हे गरिबाच्या दृष्टीने लहान उपकार नव्हेत. पण बँकेचे ते दीडशे कोटी रुपये कोणाचे होते? सरकारी रोख्यांच्या नावाखाली खाजगी दलालांकडे गेलेला तो पैसा शेतकऱ्यांच्या आणि ठेवीदारांच्या बँकेचा होता. ज्याला पेरणीच्या तोंडावर पीककर्ज हवे असते, त्याच्यासाठी जिल्हा बँक हीच खरी अडीअडचणीला धावून येणारी. तिच्यासाठी कोणी ताफा काढला?

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधीला अपील दाखल करून पद टिकविण्याची जी सवलत होती, ती १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने पक्षांना बजावले की, गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला याची कारणे जाहीर करा, आणि निव्वळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. पण ती क्षमता त्याला देतो कोण? आपणच ना!

आरोपीला अपिलाचा हक्क आहे. वरच्या न्यायालयाने उद्या कोणालाही निर्दोष ठरविले, तर तेही मान्य केले पाहिजे. शिक्षा झालेल्या माणसाला तुरुंगात भेटावे, त्याच्या घरच्यांना धीर द्यावा. आम्हा धर्मगुरूंना हे काम नवे नाही. मात्र त्या भेटीला जाताना आम्ही ढोल-ताशे नेत नाही, आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे दारही विसरत नाही. करुणा आणि जयजयकार यांतील एवढे अंतर मतदारानेही राखावे.