खडकाची हमी आणि शासनाची जबाबदारी

धुराड्यांतून बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात न सोडता जमिनीच्या पोटात गाडून टाकावा, ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. उत्तर समुद्रात स्लाइपनर येथे नॉर्वे १९९६ पासून नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डाय-ऑक्साइड समुद्रतळाखालील सच्छिद्र वालुकाश्मात सोडीत आहे. भारतातही नीती आयोगाने २०२२ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हा गाडलेला वायू गाडलेलाच राहील काय, हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

भूशास्त्राचे उत्तर पुष्कळसे दिलासा देणारे आहे. सुमारे आठशे मीटरांहून अधिक खोलीवर दाबाखाली हा वायू द्रवासारखा दाट होतो. वरचा अभेद्य खडक त्याला अडवून धरतो. काही भाग खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून पडतो, काही खाऱ्या भूजलात विरघळतो आणि कालांतराने काही खनिजरूप धारण करतो. म्हणजे काळ लोटतो तसतसा धोका वाढत नाही, कमी होतो. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २००५ मध्ये असा निर्वाळा दिला की, योग्य रीतीने निवडलेल्या व सांभाळलेल्या साठ्यात ९९ टक्क्यांहून अधिक वायू हजार वर्षे टिकून राहणे संभवनीय आहे.

मात्र सारी मेख 'निवडलेल्या व सांभाळलेल्या' या शब्दांत आहे. अल्जीरियातील इन सालाह येथे २००४ पासून हाच वायू भूगर्भात सोडण्यात येत होता. दाबामुळे वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे उपग्रहांनी टिपले, आच्छादक खडकाच्या भक्कमपणाविषयी शंका उत्पन्न झाली आणि २०११ मध्ये काम थांबवावे लागले. लक्ष ठेवले होते म्हणूनच धोका वेळीच उमगला. नीट न बुजविलेल्या जुन्या तेलविहिरी ही दुसरी दुबळी जागा. ती तर निसर्गाने नव्हे, माणसानेच निर्माण केलेली आहे.

हे लक्ष ठेवावयाचे कोणी आणि किती काळ? युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठा बंद झाल्यावर साधारणतः किमान वीस वर्षांनी, अटी पूर्ण झाल्यास, जबाबदारी कंपनीकडून शासनाकडे जाते. पुढील देखरेखीसाठी कंपनीला आधी रक्कम भरावी लागते. हजार वर्षांच्या हिशेबात वीस वर्षे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

आइसलंडने वेगळी वाट दाखविली. हेल्लिशेइदी येथे २०१२ मध्ये हा वायू पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडला असता दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग खनिज बनल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दगड झालेल्या वायूला पहारेकरी लागत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवरच उभा आहे, म्हणून येथे आशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा जुना. त्याची पुष्कळशी छिद्रे इतर खनिजांनी भरलेली आहेत. शिवाय आइसलंडच्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागते. जेथे उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात, तेथे हा हिशेब आधी मांडावा लागेल.

तात्पर्य, खडकावर विश्वास ठेवण्यास आधार आहे. पण भूगर्भातील साठवण म्हणजे कोळसा निर्धास्तपणे जाळण्याचा परवाना नव्हे. देखरेख कोण करणार, खर्च कोण सोसणार आणि गळती झाल्यास भरपाई कोण देणार, हे कायद्याने ठरल्यावाचून पहिली विहीर खोदली जाऊ नये. नाहीतर आजची वीज आपण वापरू आणि तिची राखण मात्र ज्यांना विचारलेही नाही अशा पिढ्यांच्या माथी मारू.