रोगी हा अपराधी नव्हे!

साथीच्या रोगांविषयीचा १८९७ सालचा कायदा अपुरा आहे, असा अभिप्राय केंद्रीय विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात दिला. त्यात योग्य त्या सुधारणा कराव्यात किंवा सर्वंकष नवा कायदा करावा, ही आयोगाची शिफारस स्वागतार्ह आहे. मात्र जुन्या कायद्यात नेमके उणे काय होते, हे ओळखल्यावाचून नवा कायदा झाला, तर जुन्याच दंडुक्याला नवा रंग दिल्यासारखे होईल.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा कायदा घाईघाईने संमत झाला. कलमे अवघी चार. नाव सांगणारे पहिले कलम सोडले, तर दुसऱ्याने सरकारला हवे ते उपाय योजण्याची मुभा दिली, तिसऱ्याने आज्ञा मोडणारास शिक्षा सांगितली आणि चौथ्याने अंमलदारांस संरक्षण दिले. रोग्याच्या हक्काविषयी त्यात चकार शब्द नव्हता!

त्याचे फळ पुण्याने चाखले. रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घराघरांच्या झडत्या घेतल्या. देवघर म्हटले नाही, माजघर म्हटले नाही. परिणाम असा झाला की, लोक प्लेगाहून तपासनिसांना अधिक भिऊ लागले; दुखणी लपू लागली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झडलेल्या गोळ्या हा त्या दडपलेल्या संतापाचाच स्फोट होता.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला आणि १० मार्च रोजी त्याच रोगाने देह ठेवला. शहर एक, रोग एक. पण एकीकडे रोगी पळत होता, दुसरीकडे त्याला आधार मिळत होता. सार्वजनिक आरोग्याचा याहून मोठा धडा आम्हांस ठाऊक नाही.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. परंतु १९८९ साली गोव्यात एचआयव्हीची लागण झालेल्या एका तरुणाला, त्याने कोणताही गुन्हा केलेला नसता, दोन महिने कोंडून ठेवण्यात आले. आणि कोरोनाच्या साथीत, ८ मे २०२० रोजी, जालन्याहून गावाकडे पायी निघालेले १६ मजूर औरंगाबादजवळ रुळांवर निजले असता मालगाडीखाली सापडले. त्यांना रोगाने मारले नव्हते. घरात बसा, ही आज्ञा त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. घरात बसून खायचे काय, याचे उत्तर पोहोचले नव्हते.

साथीत क्षणाक्षणाला मोल असते, तेव्हा हक्कांचा काथ्याकूट कशाला, असा आक्षेप घेतला जातो. निर्बंध कधी कधी अपरिहार्य असतात, हे आम्हीही मानतो. १९८४ साली सिराकुझा येथे तज्ज्ञांनी जी तत्त्वे मांडली, त्यांतही निर्बंधांना मनाई नाही. निर्बंध कायद्याला धरून असावा, खरोखर आवश्यक असावा, कारणाच्या मानाने अधिक कठोर नसावा आणि त्याला मुदत असावी, एवढेच त्यांचे सांगणे आहे. यात अव्यवहार्य ते काय? आपल्याच संसदेने २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यात चाचणीपूर्वी संमती, नावाची गुप्तता आणि भेदभावास बंदी, ही सारी बंधने घातली आहेत. एका रोगाच्या बाबतीत जे साधले, ते इतरांच्या बाबतीत का साधू नये?

म्हणून नव्या कायद्यात निदान चार गोष्टी हव्यात. कोणास अलग ठेवावयाचे झाल्यास कारण व मुदत त्याला लेखी कळवावी. त्या आज्ञेविरुद्ध तातडीने दाद मागण्याची सोय असावी. रोग्याचे नाव चव्हाट्यावर येऊ नये. आणि ज्याचे हातावर पोट आहे, त्याला घरी बसवताना त्याच्या चुलीची तजवीज सरकारने करावी. ही मेहेरबानी नव्हे. राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच तो अर्थ आहे.

पुढील साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा रोगी सरकारी माणसाला पाहून दार लावील की उघडील, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. ते दार धाकाने नव्हे, विश्वासाने उघडते; आणि विश्वास साथ आल्यावर नव्हे, त्याआधी कमवावा लागतो.