घरच्या घरी फळा

पंजाबातील शाळांतून एके काळी मुलांच्या हाती लाकडी तख्ती असे. आदले लिखाण धुऊन टाकावयाचे, गाचनीचा म्हणजे मुलतानी मातीचा लेप द्यावयाचा, तख्ती उन्हात हलवून वाळवावयाची आणि मग बोरूने काळी अक्षरे गिरवावयाची. आपल्या काळ्या पाटीच्या नेमकी उलट ही रीत; परंतु अक्षर उमटणे वा न उमटणे दोहोंतही पृष्ठभागावरच अवलंबून.

खडू उमटतो तो घासला जाऊन. तकतकीत तैलरंगावर तो नुसता घसरतो, तर फार खरबरीत पृष्ठभागावरून पुसता पुसला जात नाही. म्हणून रंग बिनचकाकीचा घ्यावा आणि त्यात बारीक खनिज पूड मिसळावी. चंडीगढसारख्या शहरात हे सारे साहित्य कोणत्याही रंगाच्या दुकानी मिळते. एक वाटी गडद इमल्शन रंगास फरशीचे सांधे भरण्याचा ग्राउट दोन मोठे चमचे, हे प्रमाण चांगले. ग्राउट मात्र वाळूविरहितच हवा. प्लास्टर ऑफ पॅरिसही चालते. ते आधी पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून मगच रंगात घालावे. ते लवकर आवळते, तेव्हा लागेल तेवढेच करावे. आमच्या मते ग्राउटचा लेप अधिक टणक आणि म्हणून मुलांच्या हाती देण्याजोगा. पांढऱ्या पुडीने काळा रंग करडा दिसू लागतो, हेही ध्यानी असू द्यावे.

प्रथम प्लायवुडच्या तुकड्यावर करून पाहावे. नंतर जुना ट्रे, डब्याचे झाकण, कपाटाचे दार, काहीही घ्या. ज्या गावी नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या नि कपबश्यांतून रॉक गार्डन उभारले आणि १९७६ साली ते लोकांस खुले झाले, तेथे टाकाऊ वस्तूस कोण नाक मुरडील?

एका बाबतीत मात्र हयगय नको. जुन्या रंगविलेल्या लाकडावर शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशास दशलक्षांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये, त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते. असे लाकूड या कामी न घेणेच बरे. ग्राउटमध्ये सिमेंट असते. तो मिसळताना नाकातोंडास फडके बांधावे आणि मुलांस दूर ठेवावे.

पातळ हात दोन द्यावे, एक उभा नि एक आडवा. मे-जूनच्या कोरड्या झळांत रंगावर लागलीच साय धरते, तेव्हा सकाळी सावलीत काम उरकावे. पावसाळ्यात दोन हातांमध्ये अधिक वेळ जाऊ द्यावा. तीन दिवस फळ्यास हात लावू नये. मग खडू आडवा धरून सबंध फळा पांढरा करावा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढावा. ही पायरी गाळल्यास मुलाने लिहिलेले पहिलेच अक्षर फळ्यावर कायमचे पुसट उरते.